बांगडी घासली तरी आईच्या हाताची कातडी सोलते. कारण कुठं शोधायचं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर लगेच कळेल. आई ७१ वर्षांच्या, सातारा जिल्ह्यात गावी असतात. गेल्या दोनेक वर्षांत कोपराखाली हातांवर जांभळे डाग उठतात, कुठं लागलं ते त्यांना आठवतही नाही. मागच्या महिन्यात दाराच्या कडीला हात घासला आणि दोन बोटं रुंद कातडी सोलून निघाली. बांगड्या घासूनही बारीकसारीक सोलतंच. गावच्या डॉक्टरांनी कॅल्शियम आणि व्हिटॅमिन ई दिलंय. रक्त पातळ करायची गोळी रोज चालू आहे. ती बंद करू का, आणि कातडी जाड व्हायला कोणतं क्रीम लावू, असं तुम्ही विचारताय.

गोळी स्वतःहून बंद करू नका. आणि कातडी जाड करणारं क्रीम दुकानात मिळत नाही. एवढ्यावर उत्तर संपवता आलं असतं, पण मग खरा प्रश्न तसाच राहिला असता. खरा प्रश्न असा आहे की कातडी मुळात पातळ का झाली. हातांवर होणाऱ्या दोन गोष्टी तुम्ही एकाच वाक्यात लिहिल्यात. त्या आधी वेगळ्या करू.

डाग पडणं म्हणजे रक्त शिरेबाहेर येऊन कातडीखाली साकळणं. कातडी फाटणं हे वेगळं. रक्त पातळ करायच्या गोळीनं डाग वाढतात, मोठे होतात, लवकर जात नाहीत. पण त्या गोळीनं कातडी कडीला घासून सोलली जात नाही. उलट कातडी पातळ झाली असेल तर डागही पडतात आणि फाटतेही. त्यामुळं दोन्ही एकत्र दिसलं की मी गोळीला पहिला आरोपी करत नाही. ती फार तर साथीदार.

कातडी म्हणजे गोधडी समजा. वरचं पातळ कापड ही आपली दिसणारी साल. बहुतेक अंगावर ती जेमतेम ०.१ मिलिमीटर असते. खालचा जाड थर कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांचा, आणि बारीक रक्तवाहिन्या त्याच धाग्यांच्या आधारानं टिकून असतात. हे दोन थर सपाट एकावर एक ठेवलेले नसतात, एकमेकांत दात घातल्यासारखे गुंतलेले असतात. गोधडीचे टाकेच म्हणा. वयानं आणि उन्हानं दोन गोष्टी होतात. खालचा थर विरळ होतो आणि टाके सैल पडतात. मग आडवा घासा बसला की वरचं कापड सरकून निघतं, आणि आधार गेलेल्या शिरा बोट लावल्यावरसुद्धा फुटतात. म्हणून म्हाताऱ्या माणसाला ‘लागलेलं’ आठवत नाही. आठवण्याइतकं लागलेलंच नसतं.

हातांवरच्या या जांभळ्या डागांचं वर्णन इंग्लंडमध्ये बेटमन या डॉक्टरनं १८१८ सालीच करून ठेवलंय. त्याची एक खूण घरीही ओळखता येते. साधा मुका मार आधी काळानिळा, मग हिरवट, मग पिवळा होत जातो. हा डाग तसे रंग बदलत नाही. जांभळा राहतो, एक ते तीन आठवड्यांत विरतो आणि मागं तपकिरी छटा ठेवून जातो. शेजारी कधी पांढऱ्या, चांदणीसारख्या रेघा दिसतात. कातडी जिथं आधी आतून फाटली, तिथल्या त्या खुणा. २००७ साली जिनिव्हाच्या सोरा आणि काया या दोघा डॉक्टरांनी या सगळ्याला ‘डर्मॅटोपोरोसिस’ असं नाव दिलं. हाडं ठिसूळ होतात त्याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात, त्याच धर्तीवर. मला ते नाव आवडतं, कारण ‘वय झालं, चालायचंच’ म्हणून सोडून देण्याऐवजी कातडी हाही एक अवयव आहे आणि तोही निकामी होऊ शकतो, हे त्यातून घरच्यांच्या लक्षात येतं.

जाता जाता एक सांगतो. असे डाग घेऊन आलेल्या एका आजींच्या दंडावर चार बोटांचे ठसे स्पष्ट होते. सांभाळणाऱ्या मावशी मारतात असं घरच्यांच्या मनानं घेतलेलं. मी आजींना खुर्चीतून उठायला हात दिला आणि दहा मिनिटांत माझ्याही बोटांचे ठसे उमटले. मावशींची नोकरी वाचली. पण याची दुसरी बाजूही मी विसरत नाही. पाठीवर, मांडीच्या आतल्या बाजूला, तोंडावर डाग असतील आणि म्हातारं माणूस कुणासमोर गप्प होत असेल, तर ‘कातडी पातळ आहे’ म्हणून ते झाकून टाकायचं नाही.

आता तुम्ही स्वतः करायची पहिली तपासणी. यासाठी लॅब लागत नाही. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात आईंच्या हाताची बाहेरची बाजू पाहा आणि मग दंडाची आतली, काखेजवळची बाजू पाहा. तिथं ऊन कधी लागत नाही. बाहेरची कातडी कांद्याच्या सालीसारखी आणि आतली बऱ्यापैकी भरीव, असा फरक दिसला तर मोठा वाटा उन्हाचा आणि वयाचा. शेतात राबलेल्या बायकांत हा फरक इतका ठळक असतो की चोळीची बाही जिथं संपते तिथं रेघ आखल्यासारखी दिसते. पण आतली बाजू, पोट, मांड्यासुद्धा तशाच पातळ असतील, शिरा दिसत असतील, तर एकट्या उन्हावर भागणार नाही. कारण आत शोधायला हवं.

ते शोधायला मी रक्त काढत नाही, आधी पिशवी मागतो. माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येक वयस्कर पेशंटला सांगितलेलं असतं की घरात जे जे खाता, पिता, लावता, ओढता ते सगळं एका पिशवीत भरून आणा. ‘कुठली औषधं चालू आहेत?’ या प्रश्नाला बीपीची आणि शुगरची असं उत्तर येतं. पिशवी टेबलावर उलटी केली की बाकीचं बाहेर पडतं. हे मी चुकून शिकलो. प्रॅक्टिस सुरू करून चार-पाच वर्षं झाली होती. एका बाईंना अशाच नाजूक कातडीसाठी मी वर्षभर मलमं देत राहिलो. चेहरा गोल होत चालला होता, तेही मला दिसत होतं आणि मी ‘तब्येत सुधारली’ म्हणत होतो. एके दिवशी त्यांची सून बरोबर आली आणि म्हणाली, ‘वाताच्या पुडीनं गुडघे तेवढे थांबलेत बघा.’ कागदात गुंडाळलेली पांढरट पूड, सकाळ-संध्याकाळ, दोन वर्षं. वर ना नाव, ना कंपनी.

अशा बेनामी पुड्यांत, सांधेदुखीच्या किंवा दम्याच्या ‘गावठी’ गोळ्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असल्याचं वारंवार आढळतं. तीन दिवसांत गुडघे मोकळे, भूक सडकून, अंगात तरतरी, असा गुण आला की मला तरी आधी तीच शंका येते. स्टेरॉइड वाईट औषध आहे असं मी म्हणत नाही. कॉर्टिसोन या स्टेरॉइडच्या कामाला १९५० साली नोबेल मिळालं ते उगाच नव्हे, आणि दमा, आमवात, किडनीचे काही आजार यांत आम्हीच ते हिशेबानं देतो. पण तेच औषध कोलॅजन तयार करणाऱ्या पेशींचं काम मंदावतं. महिनोन् महिने चाललं की गोधडीचा आतला कापूसच संपत जातो.

म्हणून आईंना हे विचारा. चेहरा गोल झालाय का, मानेमागं मांस वाढलंय का, हातपाय बारीक आणि पोट सुटलंय का. जमिनीवर बसल्या तर हात न टेकता उठणं जड जातं का. शुगर किंवा बीपी अलीकडंच वाढलंय का. ‘हो’ जास्त आली तर पुडी असो वा नसो, डॉक्टरांकडं जायला उशीर नको. आणि इथं एक इशारा: पुडी सापडली म्हणून त्याच दिवशी नाल्यात फेकू नका. बाहेरून स्टेरॉइड मिळत असेल तर शरीर स्वतःचं बनवणं बंद करतं. तीन-चार आठवड्यांहून जास्त चाललेलं एकदम तोडलं तर उलट्या, चक्कर, बीपी खाली जाणं, क्वचित जिवावर बेतणं, हे सगळं होऊ शकतं. पुडी घेऊन डॉक्टरांकडं जा. ते सकाळी आठच्या सुमाराला कॉर्टिसोल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, रक्तात तपासतील. चेहरा सुजलेला आणि रक्तातलं कॉर्टिसोल मात्र तळाला, असं दिसलं की पुडीत काय आहे याचं उत्तर जवळपास मिळतं. मग खात्रीचं औषध मोजून देऊन ते हळूहळू उतरवतात.

स्टेरॉइड पोटातूनच जातं असंही नाही. पिशवीतून हमखास निघणारी दुसरी वस्तू म्हणजे खाजेची ट्यूब. नायट्यावर, जांघेतल्या खाजेवर मेडिकलवाल्यानं दिलेली, बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि क्लोबेटासॉलसारखं जबर स्टेरॉइड एकत्र असलेली. २०१८ मध्ये सरकारनं बऱ्याच स्टेरॉइड मलमांवर डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट घातली. कागदावर. ‘गोरं करणाऱ्या’ काही क्रीममध्येही हाच मसाला असतो. ट्यूब जिथं लावली तिथंच कातडी पातळ झाली असेल, म्हणजे फक्त जांघेत, फक्त चेहऱ्यावर, तर कारण हातात आलंच. दम्याचा पंप मोठ्या डोसमध्ये अनेक वर्षं ओढणाऱ्यांच्या हातांवरही असे डाग पडतात. पण पंप बंद करायचा नाही. श्वास आधी, हात नंतर. डोस कमी करता येतो का ते छातीच्या डॉक्टरांना विचारायचं.

पिशवीत काहीच निघालं नाही तर मी ताटाकडं वळतो. कोलॅजनचे धागे पिळदार व्हायला व्हिटॅमिन सी लागतं. त्याची कमतरता म्हणजे स्कर्व्ही. जहाजावरच्या खलाशांचा रोग म्हणून तो आपण शाळेत शिकलो आणि विसरलो. मला तो दिसतो एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांत. बायको गेल्यावर आठ महिने चहा-खारी, दुपारी वरण-भात, रात्री तोच गरम करून, असं काढलेले एक आजोबा आले. नडग्यांवर केसाच्या मुळाशी एकेक रक्ताचा ठिपका, आणि ते केस स्क्रूसारखे पिळलेले. ‘हिरड्यांतून रक्त येतं का?’ म्हटलं, तर ‘नाही’. तोंड उघडल्यावर कळलं, दातच नव्हते. दात नसतील तिथं स्कर्व्हीच्या हिरड्याही सुजत नाहीत. व्हिटॅमिन सीच्या साध्या गोळ्यांनी दोन आठवड्यांत ठिपके मावळले. रोजची गरज शंभर मिलिग्रॅमच्या आत असते. एका बऱ्यापैकी पेरूत किंवा आवळ्यात ती सहज भागते, पण ते कच्चं खायला हवं. दात नसतील तर आवळा किसून, लिंबू ताटात पिळून, गॅस बंद केल्यावर. आई एकट्या राहत असतील तर त्या काय जेवतात ते फोनवर विचारू नका, ‘सगळं खाते’ असंच उत्तर येईल. दोन दिवस राहून पाहा. डाळ, दूध, अंडं किती पोटात जातं तेही पाहा. प्रथिनं नसतील तर जखम भरत नाही.

बाकीची कारणं कमी भेटतात, पण चुकवून चालत नाहीत. नुसते डाग नसून पाण्यानं भरलेले फोड येत असतील तर सगळा विचारच बदलतो. हातांच्या पाठीवर ऊन लागून फोड, गालांवर लव वाढणं, लघवी गडद, असं असेल तर पोर्फिरियाचा, म्हणजे रक्तातला लाल घटक बनवण्यातल्या बिघाडाचा, एक प्रकार आठवावा लागतो. त्याच्यामागं बऱ्याचदा लिव्हरचा आजार किंवा दारू असते. वयस्करांत आधी भयंकर खाज आणि मग घट्ट, टणक फोड आले तर तो पेम्फिगॉइड, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच कातडीवर उलटण्याचा आजार. डोळ्यांच्या पापण्या चोळल्यावर जांभळ्या होतात आणि जीभ मोठी झाल्यासारखी वाटते, असं असेल तर अमायलॉइडची, म्हणजे अवयवांत बिघडलेलं प्रथिन साठत जाण्याच्या आजाराची, शंका घेऊन तातडीनं तपासण्या. हिरड्या, नाक, शौच यांतून रक्त, किंवा पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसले तर प्लेटलेट त्याच दिवशी बघायच्या. जन्मापासून किंवा लहानपणापासून कातडी नाजूक असणारे जनुकीय आजारही आहेत. पण सत्तरीत पहिल्यांदा सुरू झालेली तक्रार त्या बाजूची नसते, म्हणून ते सोडून देतो.

डागांसाठी मी साधारणपणे हिमोग्राम प्लेटलेटसकट, गोठण्याची तपासणी, लिव्हर, किडनी, अल्ब्युमिन आणि शुगर एवढंच सांगतो. वर सांगितलेली एखादी खूण असेल तर पुढं. पाच हजारांचं ‘फुल बॉडी पॅकेज’ करण्याआधी पिशवी उलटी करा, ते फुकट आहे.

आता ती गोळी. ती का सुरू झाली हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळं त्यावरच अवलंबून आहे. आईंना स्टेंट बसवला असेल, झटका किंवा पॅरालिसिस येऊन गेला असेल, हृदयाचे ठोके अनियमित असतील, तर हातावरच्या डागांसाठी गोळी बंद करणं म्हणजे चटई वाचवायला घर जाळणं. पण शेजारणीला दिली म्हणून, ‘हृदयाला बरी’ म्हणून अ‍ॅस्पिरिन चालू असेल, आधी कधी काहीच झालेलं नसेल, तर या वयात फायद्यापेक्षा रक्तस्रावाचा धोका जड होऊ शकतो. ती चालू ठेवायची का, हे डॉक्टरांना मोकळेपणानं विचारा. व्हिटॅमिन ईच्या कॅप्सूल मात्र थांबवायला माझी हरकत नाही. कातडीला त्यांचा उपयोग नाही, आणि मोठ्या डोसमध्ये रक्त पातळ करायच्या गोळीला त्या साथच देतात. कॅल्शियम हाडांसाठी हवं असेल तर राहू दे, कातडीचा हिशेब त्यात धरू नका.

क्रीमबद्दल. जाड करणारं नाही, पण मऊ ठेवणारं आहे, आणि त्याचा फरक पडतो. ऑस्ट्रेलियातल्या वृद्धाश्रमांमध्ये दिवसातून दोनदा साधं मॉइश्चरायझर लावल्यावर कातडी फाटण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. महागडं लागत नाही. वास नसलेलं, चिकट असलं तरी चालेल असं काहीही. अंघोळीनंतर अंग टिपून घेतल्यावर लगेच, लव ज्या दिशेनं असते त्या दिशेनं, न चोळता. खोबरेल तेलही चालेल. कढत पाणी, घासणी, वज्री, कपडे धुवायच्या साबणाची वडी हातावर फिरवणं, हे बंद. उन्हात जाताना लांब बाही. इतक्या वर्षांच्या उन्हाचं नुकसान भरून येत नाही, पुढचं थांबतं.

पुन्हा फाटलंच तर काय, हे आईंजवळ जे कुणी असतात त्यांना दाखवून ठेवा. वाहत्या स्वच्छ पाण्याखाली धुवायचं, स्वच्छ कापडानं पाच-दहा मिनिटं दाबून धरायचं. मग सोललेली कातडी पाहायची. ती एका कडेला गोळा झालेली असते, दुधावरची साय बोटानं सारल्यासारखी. ती ओढून, कापून टाकू नका. तिच्याइतकी चांगली पट्टी बाजारात नाही. कापसाची काडी पाण्यात भिजवून तिच्या टोकानं ती हळूहळू उलगडत जखमेवर परत पसरवायची, जेवढी पुरेल तेवढी. त्यावर व्हॅसलीनची जाळीदार पट्टी, मेडिकलमध्ये पॅराफिन गॉज मागा, आणि वरून सैल बँडेज. चिकटपट्टी कातडीला लावायची नाही. ती काढताना नवी जखम होते. सलाइनची पट्टी फर्रकन ओढून हातभर कातडी निघालेले पेशंट मी पाहिलेत. पट्टीवर पेननं बाण काढून ठेवा, साय ज्या बाजूला पसरवली त्याच दिशेनं पट्टी सुटली पाहिजे. हळद, टूथपेस्ट, कॉफी पूड यातलं काही नको. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं ते पाहा. रक्त थांबत नसेल, कातडी परत जागेवर येतच नसेल, किंवा दोन दिवसांनी भोवती लाली-गरमपणा वाढत असेल तर डॉक्टर. आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असताना डोक्याला मार बसला तर दिसायला काहीच नसलं तरी लगेच दवाखाना.

राहता राहिल्या बांगड्या. काढा म्हटलं तर त्या काढणार नाहीत, माझ्या पेशंटही काढत नाहीत, आणि मी आता आग्रहही धरत नाही. जुने सुती मोजे घ्या, लांब, घोट्याच्या वर येणारे. पंजाकडचा भाग कापून टाका, नळी उरते. ती मनगटापासून कोपरापर्यंत चढवायची आणि बांगड्या तिच्यावरून. इलॅस्टिक घट्ट असेल तर उसवा. एक आजी हिरव्या चुड्याला शोभावेत म्हणून हिरवेच मोजे आणायला लावतात नातवाला. कधी पांढरे आणलेच तर परत पाठवतात.